मोटारीतील मॅट प्लॅस्टिक: स्वरूप, विकार आणि निगा

१. संज्ञा

या विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील. त्यांचे अर्थ प्रथम निश्चित केले पाहिजेत. डॅशबोर्ड, दारांची आतील पॅनेले, गिअरभोवतीचे कन्सोल, काचांमधल्या खांबांवरील पट्ट्या आणि एसीच्या जाळ्यांच्या चौकटी यांना एकत्रितपणे 'अंतर्भाग' म्हटले आहे. ज्या पृष्ठावर पडलेला प्रकाश एका ठरावीक दिशेने परावर्तित न होता सर्व दिशांना विखुरतो ते पृष्ठ 'मॅट' होय. प्रकाश विखुरण्याची ही मूळची क्षमता टिकवण्यासाठी केलेली कृती म्हणजे 'निगा'. तिसऱ्या व्याख्येतून एक निष्कर्ष लगेच निघतो. पृष्ठाला चकाकी आणणारी कृती, ती कितीही रूढ असली, तरी निगेत मोडत नाही.

मॅटपणा हा रंगाचा गुण नाही, आकाराचा आहे. पोलादी साच्याच्या आतील बाजूस रसायनाने कोरून पोत उमटवला जातो. वितळलेले प्लॅस्टिक दाबाखाली त्या कोरीव भागात शिरते आणि थंड होऊन तोच पोत घेऊन बाहेर येते. या पोताचे दोन स्तर असतात. पहिला डोळ्यांना दिसणारा: कातड्यासारख्या सुरकुत्या किंवा दाणे, ज्यांची खोली बहुधा मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. दुसरा स्तर त्या दाण्यांच्या अंगावरचा, काही मायक्रोमीटरचा सूक्ष्म खडबडीतपणा. तो सुटा दिसत नाही, पण प्रकाश विखुरण्याचे काम मुख्यतः तोच करतो.

यावरून मॅटपणा नष्ट होण्याचे दोनच मूलभूत मार्ग संभवतात: खळगे भरून येणे आणि शिखरे झिजणे. परिणाम दोहोंचा सारखाच. पृष्ठ सपाटीकडे जाते आणि चमकू लागते. टाकी लावलेला पाटा वाटून वाटून गुळगुळीत होतो, तशीच ही झीज असते. मात्र पाट्याला पुन्हा टाकी लावता येते, प्लॅस्टिकला ती सोय नाही, कारण त्याचा साचा कारखान्यात राहिलेला असतो. म्हणून या दोन मार्गांतला भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. भरलेला खळगा रिकामा करता येतो, झिजलेले शिखर परत आणता येत नाही. निगेची सारी पद्धती या एका भेदावर उभी आहे: खळगा रिकामा करताना शिखर झिजू द्यायचे नाही.

२. पदार्थभेद

मॅट दिसणारे सर्व भाग एकाच द्रव्याचे नसतात. तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रकार आरपार एकाच द्रव्याचा, साच्यातूनच पोत घेऊन आलेला. सर्वसाधारण किमतीच्या गाड्यांत बहुतेक अंतर्भाग या प्रकारचा आणि मुख्यतः पॉलिप्रोपिलीनचा असतो. सुटा काढलेला भाग उलटा करून पाहिल्यास त्यावर बाणाग्रांच्या कंसात द्रव्याची संज्ञा कोरलेली आढळते. 'पीपी-टीडी२०' असे असेल, तर ते वजनाने २० टक्के शंखजिऱ्याची पूड मिसळलेले पॉलिप्रोपिलीन होय. शंखजिऱ्यामुळे भाग ताठ राहतो आणि उष्णतेने कमी वाकतो. पण काळ्या दारावर चावी घासली की उमटणारा पांढरा ओरखडा बऱ्याच अंशी त्याच पुडीमुळे दिसतो. काळा रंग गेलेला नसतो. वरचा पापुद्रा फाटून आतले पांढरे कण आणि सूक्ष्म पोकळ्या उघड्या पडलेल्या असतात. अशा ओरखड्यावर काळे पॉलिश लावल्याने तो काही दिवस लपतो, एवढेच.

दुसरा प्रकार कठीण प्लॅस्टिकवर मॅट रंगाचा किंवा मऊ स्पर्शाच्या पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला. स्पर्शाला तो रबरासारखा लागतो. येथे मॅटपणा साच्याचा नसून लेपाचा असतो. लेप गेला की खालचे प्लॅस्टिक उघडे पडते.

तिसरा प्रकार फोमवर ताणलेल्या पीव्हीसीच्या कातडीचा. बोटाने दाबल्यास ती किंचित दबते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेला असतो आणि उष्णतेने तो हळूहळू बाहेर पडतो. उन्हात उभ्या गाडीच्या समोरच्या काचेवर आतून धरणारा तेलकट धूसरपणा बऱ्याचदा त्याचाच असतो.

या तिघांतील भेद न ओळखल्याने एक समज फार दृढ झाला आहे, तो म्हणजे प्लॅस्टिक 'कोरडे पडते' आणि त्याला अधूनमधून 'तेल पाजावे' लागते. पॉलिप्रोपिलीनमध्ये मुळात प्लॅस्टिसायझर नसतो, त्यामुळे गमावण्यासारखे तेलही नसते. ते शोषून घेऊन ताजेतवाने होईल असे कोणतेही द्रव्य बाजारात नाही. पीव्हीसीतून तेलसदृश द्रव्य जाते हे खरे. परंतु वरून चोळलेले तेल त्याची जागा घेत नाही, पृष्ठावरच राहते.

३. प्रदेश

एमएच ११, एमएच ५० आणि एमएच १० या क्रमांकांच्या गाड्या, म्हणजे अनुक्रमे सातारा, कराड आणि सांगली येथे नोंदलेल्या, ज्या प्रदेशात फिरतात त्याइतका विषम प्रदेश महाराष्ट्रात क्वचित असेल. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हे तालुके पाचशे मिलीमीटरच्या आसपास अडतात. घाटमाथ्यावर जांभ्याची तांबडी माती, कृष्णाकाठी काळी कसदार माती आणि पूर्वेला माळरानाची मुरमाड धूळ. सकाळी पाचगणीच्या धुक्यात निघालेली गाडी दुपारी विट्याच्या उन्हात उभी असते. त्यामुळे येथे निगेचे एकच वेळापत्रक सर्वांना लागू पडत नाही. गाडी कोठे उभी राहते यावर ते ठरते.

४. विकार

विकारांचे चार वर्ग करता येतात: भर, झीज, विघटन आणि जैविक वाढ.

(अ) भर. धूळ, हातांचा तेलकटपणा, उसाचा रस वा गुळाचा चिकटपणा, आणि पाण्यातील क्षार हे भरीचे घटक. काळ्या मातीतील चिकणमातीचे कण दोन मायक्रोमीटरहूनही सूक्ष्म असतात. पोताच्या दुसऱ्या स्तरातही ते सहज बसतात. प्लॅस्टिक विद्युतरोधक असल्याने कोरड्या फडक्याने घासल्यास त्यावर स्थितिक विद्युतभार साचतो आणि ते हवेतील धूळ पुन्हा ओढून घेते. पुसून तासाभरात डॅशबोर्ड पुन्हा धुळकट होतो, अशी तक्रार पूर्व भागात नेहमी ऐकू येते. तिचे एक कारण हे आहे. उसाच्या रसाचा डाग त्या मानाने सरळ असतो. साखर पाण्यात विरघळते, कोमट पाण्याने ओला केलेला फडका दोन मिनिटे दाबून धरल्यास तो जातो.

क्षारांचा प्रश्न मात्र हट्टी आहे. बोअरचे पाणी अनेक गावांत कठीण असते. असे पाणी मॅट काळ्या पृष्ठावर वाळले की खळग्यांत कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी कड राहते, आणि ती घासून काढू गेल्यास शिखरे झिजतात. म्हणून अखेरच्या पुसण्यासाठी घरातील आरओचे पाणी किंवा पावसाळ्यात साठवलेले पागोळ्यांचे स्वच्छ पाणी वापरावे. सांगावयास गोष्ट लहान आहे, पण दिसणारा फरक मोठा आहे.

(आ) हळद. भरीचाच हा उपप्रकार, परंतु या प्रदेशात त्याचा स्वतंत्र विचार करणे भाग आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ. सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कराड तालुक्यातील पाल येथे पौषात खंडोबा-म्हाळसेच्या विवाहसोहळ्याची यात्रा भरते आणि भंडाऱ्याने सारा आसमंत पिवळा होतो. यात्रेहून परतणाऱ्यांच्या कपड्यांवरून, केसांवरून तो भंडारा गाडीत येतो. दारांच्या पॅनेलांत, हात टेकण्याच्या जागी आणि सीटबेल्टच्या खाचांत तो बसतो. दसऱ्याला आणि नवी गाडी घेतल्यावर डॅशबोर्डवर, स्टिअरिंगवर हळदकुंकू वाहिले जाते, ते वेगळेच. फिकट बदामी रंगाच्या अंतर्भागावर हा डाग सर्वांत ठळक दिसतो.

हळदीचा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. त्याचे तीन गुणधर्म येथे कामाचे आहेत. एक, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तेलकट पॉलिश लावलेल्या डॅशबोर्डवर पडलेली हळद कोरड्या डॅशबोर्डवरील हळदीपेक्षा खोल आणि पक्की बसते. पाल येथील भंडाऱ्यात खोबरेही उधळले जात असल्याने तेलाचा अंश कधी कधी सोबतच येतो. दोन, आम्लारीच्या संपर्कात ते पिवळ्याचे तांबूस-तपकिरी होते. हळद आणि चुना यांपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. कपड्यांच्या साबणाने किंवा सोड्याच्या पाण्याने डॅशबोर्डवरची हळद पुसू पाहणाऱ्यास नेमका हाच अनुभव येतो. डाग जाण्याऐवजी लालसर होतो, घाबरून अधिक जोराने घासले जाते आणि पोत कायमचा बिघडतो. लालसरपणा स्वतः मात्र कायमचा नसतो. पाण्यात चार-पाच थेंब लिंबू पिळून त्या पाण्याने फडका टेकवला की रंग पुन्हा पिवळा होतो. तीन, प्रकाशात कर्क्युमिनचे विघटन होते.

या तिन्हींवरून उपचाराचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम कोरडी पूड मऊ ब्रशने सैल करीत व्हॅक्युमने ओढून घ्यावी. ओला हात लावण्यापूर्वी जेवढी निघेल तेवढी काढावी, कारण पाणी लागताच तिची लगदी होऊन ती खळग्यांत शिरते. नंतर उदासीन अपमार्जकाच्या सौम्य द्रावणाने टिपावे, पसरवू नये. उरलेली पिवळी छटा उन्हावर सोपवावी. काचेतून येणाऱ्या प्रकाशात ती बहुधा काही दिवसांत फिकी पडते. घासण्यापेक्षा ही प्रतीक्षा नेहमी श्रेयस्कर आहे. अंतर्भागाला ऊन अपायकारक, हा या लेखातील सामान्य नियम; हळदीचा डाग हा त्याला एकमेव अपवाद.

(इ) झीज. पॉलिप्रोपिलीन हे मातीतील बहुतेक खनिजांपेक्षा मऊ आहे. धूळ न काढता फडका फिरवणे म्हणजे त्या खनिजांनी पृष्ठ घासणे होय. दाराचा हात टेकण्याचा भाग, खिडकीच्या बटणांभोवतीची जागा आणि दाराचा खालचा, बुटाची टाच लागणारा भाग येथे चमकदार पट्टे उमटतात ते झिजेचे. मेलामाइनचा पांढरा स्पंज डाग जादूसारखा काढतो असे मानले जाते. तो प्रत्यक्षात अतिशय बारीक घर्षक आहे, आणि डागाबरोबर शिखरेही नेतो. मॅट भागावर तो वर्ज्य समजावा.

(ई) विघटन. पॉलिप्रोपिलीनच्या रेणूशृंखलेतील काही कार्बन-हायड्रोजन बंध अतिनील किरण आणि उष्णता यांपुढे दुर्बल ठरतात. शृंखला तुटतात, पृष्ठ राखाडी, ठिसूळ आणि पिठूळ होते. कारखान्यात प्लॅस्टिकमध्ये काजळी आणि अमाइन वर्गातील प्रकाशस्थिरीकारक मिसळतात. त्यामुळे ही क्रिया वर्षानुवर्षे लांबते, थांबत नाही. समोरची काच दोन थरांमध्ये पटल असलेली असल्याने बहुतांश अतिनील किरण अडवते. बाजूच्या काचा साध्या टफन्ड असल्याने दीर्घ तरंगलांबीचे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात. डॅशबोर्डला मुख्य धोका म्हणून उष्णतेचा, दारांच्या वरच्या कडांना किरणांचा. सातारा-सांगलीच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या पंधरवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिरप्या काचेतून पूर्ण डॅशबोर्ड तापवतो. बंद गाडीत डॅशबोर्डचे पृष्ठ ७० अंश सेल्सिअसच्या घरात सहज जाते. काचेमागे लावलेला सनशेड किंवा अंथरलेला जाड पांढरा टॉवेल बाटलीबंद संरक्षक द्रवापेक्षा अधिक काम करतो.

द्राक्षपट्ट्यातील गाड्यांना आणखी एक कारण लागू आहे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तासगाव, मिरज, पलूस भागात बागायतदाराची गाडी हीच फवारणीचे साहित्य नेणारीही असते. बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. तांबे आणि त्याचे क्षार पॉलिप्रोपिलीनच्या ऑक्सिडीकरणास उत्प्रेरक ठरतात. गंधकयुक्त औषधे अमाइन स्थिरीकारकांना निष्प्रभ करतात, हे हरितगृहांच्या पॉलिथीन आच्छादनांच्या बाबतीत सुविदित आहे. मोटारीच्या दारात साचणारे प्रमाण अल्प असते, पण ते महिनोन्‌महिने तेथेच उन्हात तापत राहते. हंगामात फवारणीहून आल्यावर दाराची हँडले, खिडकीची बटणे आणि दाराचा कप्पा ओल्या फडक्याने त्याच दिवशी पुसावा. पुसणाऱ्याच्या हातांच्या दृष्टीनेही हे इष्टच आहे.

(उ) जैविक वाढ. महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर येथे जुलै-ऑगस्टमध्ये बंद उभ्या राहिलेल्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे आणि दारांच्या कप्प्यांत राखाडी बुरशी धरते. बुरशीचे अन्न पॉलिप्रोपिलीन नव्हे. हातांचा तेलकटपणा, सांडलेला चहा, तेलकट पॉलिश आणि पीव्हीसीतील काही प्लॅस्टिसायझर हे तिचे अन्न. पावसाळ्याआधी अंतर्भाग नुसता स्वच्छ आणि तेलविरहित करून ठेवल्यास निम्मे काम होते. उरलेले निम्मे म्हणजे ओले पायपुसणे गाडीत न ठेवणे.

५. शोधनाचा क्रम

गाडी सावलीत आणि अंतर्भाग थंड असावा. तापलेल्या पृष्ठावर द्रावण लगेच वाळून डाग सोडते. प्रथम ब्रश आणि व्हॅक्युम एकाच वेळी. वॉशिंग सेंटरवर काँप्रेसरची हवा मारण्याची पद्धत आहे. ती धूळ बाहेर काढण्याऐवजी एसीच्या जाळ्यांत आणि बटणांच्या फटींत ढकलते. दुसऱ्या टप्प्यात द्रावण फडक्यावर फवारावे, भागावर नव्हे. अन्यथा ते बटणांत आणि स्पीकरच्या जाळीत उतरते. सामू सातच्या आसपास असलेला कोणताही सौम्य द्रव चालतो. खोल पोत असेल तेथे मऊ ब्रशने हलकी वर्तुळे काढून मळ सैल करावा आणि फेस वाळण्याआधी फडक्याने उचलावा. तिसऱ्या टप्प्यात नुसत्या, शक्यतो मृदू पाण्याने ओलसर केलेला दुसरा फडका. हा टप्पा बहुतेक ठिकाणी वगळला जातो; मागे राहिलेला अपमार्जक चिकट असतो आणि आठवड्यात धूळ धरतो. शेवटी कोरडे मायक्रोफायबर कापड टेकवून पाणी टिपावे. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढण्याचा द्रव यांना कोठेही स्थान नाही. एबीएस या प्लॅस्टिकच्या चौकटींवर ॲसिटोन पडताच पृष्ठ विरघळते आणि तेथे पोताचे नामोनिशाण उरत नाही. डास प्रतिबंधक मलमातील डीईईटी हे द्रव्यही काही प्लॅस्टिकांस मऊ करते, म्हणून मलम लावलेला हात दारावर टेकवू नये.

६. लेपाचा प्रश्न

सर्व्हिसिंगनंतर गाडी परत येते तेव्हा डॅशबोर्ड आरशासारखा लखलखत असतो, आणि मालक खूश होतो. ही चकाकी सिलिकॉन तेलाची. तेल सूक्ष्म खळगे भरते, हवेशी भिडणारे पृष्ठ सपाट होते आणि प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परततो. म्हणजे व्याख्येनुसार हा भरीचाच विकार, जाणूनबुजून केलेला. प्लॅस्टिकची तो सहसा रासायनिक हानी करत नाही, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. हानी दुसरीकडे आहे. खंबाटकी घाटात दुपारच्या उन्हात चकाकत्या डॅशबोर्डचे प्रतिबिंब समोरच्या काचेत उमटते आणि रस्त्याची दृश्यता कमी करते. अंतर्भाग मॅट करण्यामागे चालकाची दृष्टी हे एक मुख्य कारण होते. लेप ते कारणच पुसून टाकतो.

खोबरेल तेलाचा घरगुती उपाय त्याहून गैरसोयीचा. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, म्हणून हिवाळ्याच्या सकाळी साताऱ्यात काळ्या डॅशबोर्डवर पांढुरकी साय धरलेली दिसते. दुपारी ते वितळते आणि दिवसभराची धूळ धरून ठेवते.

लेप सर्वथा निषिद्ध आहे असे मात्र नाही. अतिनील शोषक असलेला, पाण्यात कालवलेला आणि वाळल्यावर चकाकी न आणणारा द्रव दारांच्या वरच्या कडांना वर्षातून दोनदा लावणे योग्य आहे. तो फडक्यावर घेऊन लावावा आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या फडक्याने जेवढा निघेल तेवढा काढावा. स्टिअरिंग, पेडल आणि गिअरच्या मुठीवर काहीही लावू नये. जुने सिलिकॉन आधीच साचले असेल, तर ते एका धुण्यात जात नाही. वर सांगितलेला शोधनक्रम आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा केल्यावर मूळ मॅटपणा परतू लागतो.

दुसऱ्या प्रकारच्या मऊ लेपाची एक अवस्था असाध्य आहे. उष्णता आणि दमटपणात पॉलियुरेथेनचे जलविघटन होऊन तो चिकट होतो. बोटाचा ठसा उमटतो आणि पुसताना काळे निघते. येथे कोणतीही स्वच्छता उपयोगी पडत नाही. लेप पूर्ण काढून खालचे प्लॅस्टिक उघडे करणे किंवा भाग बदलणे, एवढेच पर्याय उरतात.

७. पूर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शहराच्या सखल भागांत उभ्या गाड्यांत पाणी शिरले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा घडले. पुरानंतरच्या गाडीत इंजिन आणि वायरिंगची चिंता प्रथम असते आणि ते योग्यच आहे. तोवर अंतर्भागावरचा गाळ वाळून जातो, आणि पुढील सारे नुकसान त्या वाळण्यात असते. ओली चिकणमाती पोतातून पाण्याने सुटते. वाळलेली आकसून खळग्यांत पक्की बसते आणि मग ती काढण्यासाठी घासावे लागते. म्हणून बॅटरीचे टर्मिनल सोडवल्यावर पहिले काम म्हणजे दारांवर आणि कन्सोलवर ओला फडका अंथरून गाळ ओला ठेवणे. नंतर कमी दाबाच्या स्वच्छ पाण्याने, वरून खाली, फडका न फिरवता गाळ वाहू द्यावा.

दाराची पॅनेले काढल्याशिवाय हे काम पुरे होत नाही. पॅनेलच्या पाठीला चिकटवलेल्या नमद्यात आणि फोममध्ये गाळ आठवडेच्या आठवडे ओला राहतो. क्लिपा काढताना लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, कारण दाराच्या कडेला पडलेली खूण पुढे कायम डोळ्यांत राहते. मोडलेल्या क्लिपा परत बसवू नयेत. त्या सुट्या, नव्या मिळतात. नमदा भिजलेला असल्यास काढून टाकावा. पॉलिप्रोपिलीनचे पॅनेल स्वतः पाणी शोषत नाही, ते उभे करून सावलीत वाळवले की पूर्ववत वापरता येते. पीव्हीसीची कातडी फोमपासून सुटून फुगली असेल, तर ते पॅनेल मात्र बदलावे.